जागल्या आणि जोडीदार : घरी बांधलेल्या विमानाची राखण



या व्याख्यानमालेला मी गेली बरीच वर्षं समोरच्या खुर्चीत बसत आलो. संतसाहित्य, नाट्यसंगीत, आत्मचरित्रं, बोलीभाषा असे विषय इथेच ऐकले. यंदा कार्यवाहांनी मलाच बोलायला सांगितलं आणि विषय विचारला. मी म्हणालो, "घरी बांधलेलं विमान आणि त्याची राखण." ते जरा थांबले. मग म्हणाले, "अहो, पण सिल्वासात विमानतळसुद्धा नाही." खरं आहे. आपल्या डोक्यावरून अधूनमधून दमणच्या तटरक्षक दलाची डॉर्निअर विमानं जातात, पोरं अंगणात धावत येऊन वर बघतात, एवढाच आपला विमानांशी संबंध.

तरी हा विषय घेण्याला कारण आहे, आणि ते अगदी घरगुती आहे. माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे घराच्या गॅरेजमध्ये तो दोन माणसांचं विमान बांधत होता. स्वतः आत बसून उडवायचं विमान. पाच वर्षं त्याचे शनिवार-रविवार त्यातच गेले. माझी थोरली बहीण, म्हणजे त्याची आई, इथेच आमलीत राहते. एका दुपारी ती माझ्याकडे आली, पाणीसुद्धा न घेता म्हणाली, "तू जन्मभर मशिनांत काढलास. तू त्याला सांग, हे सोडून दे. मामाचं ऐकेल तो."

मी सांगायचं कबूल केलं. पण न बघता काय सांगणार? त्या वर्षी त्याच्याकडे गेलो तेव्हा तीन आठवडे त्या गॅरेजमध्ये स्टूल टाकून बसलो. मसाट आणि खडोलीच्या यार्नच्या कारखान्यांत इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामात ३१ वर्षं जे शिकलो ते, आणि त्या गॅरेजमध्ये जे पाहिलं ते, या दोहोंची गाठ आज तुमच्यासमोर घालतो.

घरी विमान बांधणं हे परदेशातच चालतं असं समजू नका. मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर, कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने सहा आसनी विमान बांधलं. नोकरी जेट एअरवेजमध्ये विमानं उडवण्याची, आणि उरलेला वेळ गच्चीवर. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला तेव्हा ते लोकांनी जवळून पाहिलं. २०१७ च्या नोव्हेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे त्याची नोंदणी झाली. पुढे चाचणीची परवानगी मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या. या बातम्या वाचताना आपल्या मनात एकच प्रश्न असायचा : उडणार का? परवानगी देणाऱ्याला मात्र दुसरा प्रश्न पडतो, आणि तो पडायलाच हवा : वर गेल्यावर काही बिघडलं तर?

अमेरिकेत हा छंद फार जुना आणि मोठा आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना काढली. नियम असा, की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. मग त्याला 'प्रायोगिक' या वर्गात उडायला परवानगी मिळते. पत्रे, बरगड्या, रिव्हेट यांचा संच पेटाऱ्यांतून घरी येतो. कंपनीच्या विमानाला जी प्रमाणपत्रं लागतात ती याला लागत नाहीत. म्हणूनच बांधणाऱ्याला मोकळीक असते, आणि म्हणूनच धोकाही असतो.

धोका किती, ते लपवून उपयोग नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२ साली या विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या छोट्या खासगी विमानांत घरी बांधलेली विमानं जवळजवळ १० टक्के. पण २०११ साली झालेल्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के, आणि जीव गेलेल्या अपघातांत २१ टक्के. कारणांत दोन सर्वांत पुढे : इंजिन बंद पडणं आणि उडताना विमानावरचा ताबा सुटणं. विमान नवं असताना, पहिल्या काही उड्डाणांत धोका जास्त. शिवाय त्या वर्षीचे निम्म्याहून अधिक अपघात अशा विमानांचे, जी दुसऱ्याने बांधली होती आणि नंतरच्या मालकाने विकत घेतली होती.

हे आकडे मी ताईला सांगितले नाहीत. पण ते डोक्यात ठेवूनच गॅरेजचं दार उघडलं.

आता थोडं मागे जाऊ. जगातलं पहिलं यशस्वी विमानसुद्धा घरीच बांधलेलं होतं. राइट बंधूंचं सायकलींचं दुकान होतं. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉकच्या वाळूवर ऑर्व्हिल पहिल्यांदा उडाला तो १२ सेकंद, १२० फूट. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी, की त्या विमानावर तीन यंत्रं बसवलेली होती : एक घड्याळ, एक वाऱ्यातून किती अंतर कापलं ते मोजणारं, आणि एक इंजिनाचे फेरे मोजणारं. इंजिन बंद करणारी दांडी ओढली की तिन्ही एकदमच थांबायची. म्हणजे उड्डाण संपताच त्याचा हिशेब जागच्या जागी गोठून राहायचा. आज ज्याला आपण विमानाची नोंदपेटी म्हणतो, तिची ही पहिली पायरी. ज्या विमानात एक पौंड वजन वाढवताना दहादा विचार करायचा, त्यात या भावांनी मोजणीच्या यंत्रांसाठी जागा ठेवली.

आपल्या मराठी घरांत याच्याही आधीची एक गोष्ट सांगतात. १८९५ साली शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं, ही ती गोष्ट. लहानपणी मीही ती छाती फुगवून सांगितली आहे. पण त्या दिवसाची भरवशाची समकालीन नोंद हाती लागत नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी ती गोष्ट जोडली जाते, त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत आणि तो ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ साली दाखवून दिलं. तळपद्यांच्या जिज्ञासेला माझा नमस्कारच आहे. मला एवढंच म्हणायचंय, की नोंद नसली तर पुढच्या माणसाला अभिमान मिळतो, शिकायला काही मिळत नाही.

आता भाच्याच्या विमानात आत बसू. आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या असायचा. रात्री गस्त घालायचा, काही वावगं दिसलं की हाळी द्यायचा. चोर पकडणं हे त्याचं काम नव्हतं, गाव जागं करणं हे होतं. विमानातला राखणीचा संगणक हा असा जागल्या. समोर एक पडदा असतो. इंजिनाच्या चारही सिलिंडरांचं तापमान वेगवेगळं दिसतं, धुराच्या नळ्यांचं वेगळं. तेलाचा दाब, तेलाचं तापमान, ताशी किती इंधन जातं आणि किती उरलं, विजेचा दाब, हे सगळं सेकंदासेकंदाला नोंदलं जातं. पूर्वी यातल्या प्रत्येकासाठी वेगळा काटा असायचा आणि वैमानिकाला दर काही मिनिटांनी सगळ्या काट्यांवरून नजर फिरवावी लागायची. नजर चुकली की संपलं. संगणकाची नजर चुकत नाही.

एका सिलिंडरला इंधन कमी पोचायला लागलं, तर इंजिनाचा आवाज बदलण्याच्या आधी त्या एका सिलिंडरचं तापमान बदलतं. कानाला कळायच्या आत पडद्यावर कळतं. मधली ती काही मिनिटं फार मोलाची असतात. इंजिन चालू असताना धावपट्टीकडे वळणं निराळं, आणि बंद पडल्यावर खाली शेत शोधणं निराळं.

जागल्याला जागा चांगली लागते, हे सांगायला एक दुःखद उदाहरण आहे. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ अशाच घरी बांधलेल्या विमानाच्या अपघातात गेला. विमान त्याने स्वतः बांधलं नव्हतं, नुकतंच विकत घेतलं होतं. एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर इंधन वळवायची मूठ बांधणाऱ्याने वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवली होती. टाकीत किती इंधन आहे ते दाखवणाऱ्या नळ्याही मागेच, आणि त्यांच्यावर खुणा नाहीत. त्या बघायला त्याला आरसा देण्यात आला होता. उड्डाणाआधी त्याने इंधन भरून घेतलं नाही. वर गेल्यावर तो मूठ फिरवायला मागे वळला असावा, त्यात पाय रडरवर दाबला गेला आणि ताबा सुटला, असा तपासाचा निष्कर्ष. लांबवर उडत आलेला हा माणूस नवखा नव्हता. पण त्या विमानात तो नवखा होता. माहिती विमानात होती, त्याच्या डोळ्यांसमोर नव्हती.

भाच्याला मी पहिल्याच दिवशी विचारलं, "इंधन किती उरलं ते कुठे दिसतं?" त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. मी म्हणालो, "आणि पडदा खोटं बोलला तर?" त्याने खणातून एक लाकडी पट्टी काढली. प्रत्येक लिटरला खूण केलेली, टाकीत बुडवून बघायची. मग घड्याळ दाखवलं : इतका वेळ उडालो म्हणजे इतकं इंधन गेलं, हा तोंडी हिशेब. माझं अर्धं समाधान तिथेच झालं. शिकलेल्या माणसाला लाकडी पट्टीची लाज वाटली नाही, हे मला आवडलं.

पण जागल्या ठेवला म्हणजे काम झालं असं नाही. इथे मला माझीच एक चूक सांगायची आहे. कारखान्यात सुताला पीळ देणाऱ्या मशिनांवर लांब हीटर असतात. एका मशिनवर तापमान वाढलं की हूटर वाजायचा. त्याची मर्यादा मी ठरवली होती, आणि जास्त काळजी म्हणून फार जवळची ठरवली. परिणाम काय झाला? हूटर शिफ्टमध्ये दहा-बारा वेळा वाजायचा आणि दरवेळी काही झालेलं नसायचं. एके दिवशी कोणीतरी हूटरच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी रात्रपाळीत तापमान खरोखरच वाढलं. हूटर वाजला, पण चिंध्यांतून. मशीन उघडायला गेलेल्या फिटरचा हात भाजला. चौकशीत चिंध्या कोंबणाऱ्याचा शोध सुरू झाला. मी माझ्या तोंडाने सांगितलं, की चिंध्या कोणी कोंबल्या ते शोधू नका, त्या कोंबायला मी भाग पाडलं. लांडगा आला रेची गोष्ट आपण पोराला दोष देऊन सांगतो. हूटर बसवणाऱ्याने ती स्वतःला सांगावी.

म्हणून भाच्याच्या पडद्यावर आम्ही एक संपूर्ण दिवस इशाऱ्यांवरच घालवला. त्याने बावीस गोष्टींना लाल दिवा आणि आवाज ठेवला होता. चर्चा करून पाच ठेवल्या : तेलाचा दाब, इंधन, विजेचा दाब, सिलिंडरचं तापमान, आणि केबिनमधला कार्बन मोनॉक्साइड. हा शेवटचा वायू आपल्याकडच्या बाथरूममधल्या गॅस गीझरमुळे कितीजणांना माहीत झालाय, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. त्याला वास नाही, माणूस नुसता सुस्तावत जातो. त्याला ओळखणारं यंत्र विमानातल्या सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी एक आहे. बाकीच्या सतरा गोष्टी पडद्यावर दिसतील, नोंदल्या जातील, पण ओरडणार नाहीत. आणि जी पाच ओरडतील, त्यातल्या प्रत्येकीसमोर कागदावर लिहिलं, की आवाज आला तर हात आधी कुठे जाईल. ज्या इशाऱ्यापुढे करण्यासारखं काही लिहिता येत नाही, तो इशारा नकोच.

आता दुसरा भाग, जोडीदाराचा. म्हणजे एक गोष्ट बंद पडली तर तिच्या जागी उभी राहणारी दुसरी. विमानात ही कल्पना फार जुनी आहे. छोट्या विमानाच्या पारंपरिक इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, आणि त्यांना ठिणगी देणारे दोन वेगळे मॅग्नेटो. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो. बॅटरी मेली, सगळ्या तारा जळल्या, तरी इंजिन चालत राहतं. आता नवी इंजिनं आली, त्यांत इंधन आणि ठिणगी संगणक ठरवतो. इंधन वाचतं, इंजिन गुळगुळीत चालतं. पण संगणकाला वीज लागते. म्हणून त्याची जोडी ठेवतात. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीचं ९१२ आयएस हे इंजिन २०१२ मध्ये आलं, त्यात संगणकाच्या दोन स्वतंत्र बाजू आहेत आणि वीज तयार करणारे दोन जनरेटर आहेत. भाच्याच्या इंजिनालाही दोन संगणक होते. त्याला त्याचा मोठा आधार वाटत होता.

इथे मला आपल्या इथल्या एका पावसाळी रात्रीची आठवण झाली. दमणगंगा भरून वाहत होती, लाइट गेली. कारखान्यात अशा वेळी डिझेल जनरेटर आपोआप सुरू होतो. झाला नाही. कारण त्याला स्टार्ट करणारी बॅटरीच उतरलेली होती. बॅटरीचा चार्जर कोणाकडून तरी बंद राहिला होता. आता गंमत बघा. बॅटरी उतरली तर सांगायला पॅनेलवर एक दिवा होता. तो का लागला नाही? कारण तो दिवाही त्याच बॅटरीवर चालायचा. जागल्याचं जेवण त्याच घरातून येत होतं, ज्या घरात चोरी झाली. आम्ही दर सोमवारी पॅनेलसमोरून जायचो, दिवा विझलेला बघायचो आणि सगळं ठीक आहे असं वहीत लिहायचो. विझलेला दिवा म्हणजे 'ठीक आहे' की 'मी मेलो आहे', हे त्या दिव्याला सांगता येत नव्हतं.

तेव्हापासून कुठलीही जोडी दिसली की मी एकच प्रश्न विचारतो : हे दोघं कशात एक आहेत? एका तारेवर, एका पेटीत, एका नळीजवळ, एकाच माणसाच्या एकाच चुकीत? १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटीला एक मोठं प्रवासी विमान पडलं. त्याला दिशा देणाऱ्या हायड्रॉलिक व्यवस्था तीन होत्या, एकमेकींपासून स्वतंत्र. पण शेपटीत तिघींच्या नळ्या जवळजवळ होत्या. शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला आणि त्याच्या तुकड्यांनी तिन्ही कापल्या. उलट बाजूने बघा : अमेरिकेच्या अवकाशयानात एकाच प्रकारचे चार संगणक एकमेकांना तपासत असत, आणि पाचवा वेगळाच ठेवला होता. त्याची आज्ञावली दुसऱ्याच लोकांनी लिहिली होती. कारण चौघांना एकच गुरू असेल तर चौघं एकच चूक करतील.

भाच्याच्या गॅरेजमध्ये मी तारांचा नकाशा मागितला. दोन दिवस त्यावर बोट फिरवत बसलो. तिसऱ्या दिवशी जेवताना त्याला विचारलं, "केबिनमध्ये जळकट वास आला, धूर आला, तर काय करशील?"

तो चटकन म्हणाला, "मास्टर स्विच बंद. पहिला धडा तोच असतो, मामा."

"मग इंजिनाच्या संगणकांना वीज कुठून येणार?"

त्याचा घास हातातच राहिला. दोन संगणक होते, दोघांना वेगवेगळे फ्यूज होते, वेगवेगळे स्विच होते. पण दोघांचीही वीज त्या एका मास्टर रिलेतूनच येत होती. धूर आला असता, त्याने शिकवल्याप्रमाणे बरोबर कृती केली असती, आणि त्या बरोबर कृतीने इंजिन बंद पडलं असतं. तो रिले नुसता जळला असता तरी तेच.

त्याने ताट बाजूला ठेवलं नाही, वाद घातला नाही. रात्री नकाशा पुन्हा काढला. इंजिनासाठी वेगळी छोटी बॅटरी, वेगळा स्विच, वेगळ्या बाजूने गेलेली तार. मास्टर बंद केला तरी इंजिनाची वीज चालू राहील अशी. म्हणजे झालेलं काम उलगडायचं, पॅनेल काढायचं, पुन्हा बसवायचं. वसंतात उडायचं ठरलं होतं, ते पावसाळ्यावर गेलं. ताईला वाटलं मामाने समजावलं. मी तिला तेव्हा खरं सांगितलं नाही, की मी त्याला थांबवलं नाही, फक्त उशीर करायला लावला.

आणखी एक गोष्ट आहे. जागल्या एकच असेल आणि त्याच्या हाती सोटा दिला, तर काय होतं ते बोइंगच्या ७३७ मॅक्स विमानांनी दाखवलं. त्यात नाक आपोआप खाली ढकलणारी एक संगणकी व्यवस्था होती, आणि ती एका वेळी एकाच सेन्सरचं ऐकायची. तो सेन्सर चुकला. २०१८ च्या ऑक्टोबरात इंडोनेशियात आणि २०१९ च्या मार्चमध्ये इथिओपियात मिळून ३४६ माणसं गेली. घरात दोन घड्याळं असली आणि त्यांत फरक पडला तर कुठलं बरोबर ते कळत नाही, पण निदान काहीतरी चुकलंय एवढं कळतं. एकच असेल तर तेही कळत नाही. म्हणून भाच्याने संगणकाला ओरडायची मुभा दिली, सुकाणू हातात घ्यायची दिली नाही. समोर विजेवाचून चालणारं वेग दाखवणारं जुनं यंत्र ठेवलं आणि होकायंत्र ठेवलं. दोन्ही पडदे काळे झाले तरी ही दोन बोलत राहतील.

आता जे संगणकाने होत नाही त्याबद्दल. संक्रांतीला आपल्याकडे आकाश पतंगांनी भरतं. दोरा बांधताना पतंगाचा कोन चुकला की तो वर जायच्या ऐवजी गरगरत खाली येतो, हे इथल्या सात वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहे. विमानाच्या पंखाचं तसंच आहे. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी पंखाचा कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला, की पंखावरून हवा सुटते आणि उचलण्याची ताकद जाते. उतरताना वेग कमी असतो, वळण चुकलं म्हणून माणूस नाक जरा जास्त वर खेचतो, आणि जमीन इतकी जवळ असते की सावरायला उंचीच उरत नाही. ताबा सुटण्याचे कितीतरी अपघात असे. तो कोन मोजून कानात टकटक वाजवणारं यंत्र आता स्वस्तात मिळतं, भाच्याने बसवलं. पण टकटक ऐकून हात पुढे ढकलायचं काम हातानेच करायचं आहे. आणि घाबरलेला हात खेचतो, ढकलत नाही. त्याला एकच उपाय, सराव. तसल्याच दुसऱ्या विमानात, शिकवणारा शेजारी बसवून, पडदे झाकून, इंजिन मंद करून, पुन्हा पुन्हा.

सू सिटीच्या विमानाची अर्धीच गोष्ट मी मघाशी सांगितली. तिन्ही व्यवस्था गेल्यावर त्या वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमीजास्त करून विमान धावपट्टीपर्यंत आणलं. २९६ जणांपैकी ११२ गेले. १८४ वाचले. सगळे जोडीदार संपल्यावर शेवटचा जोडीदार माणूस असतो, तो तयार असला तर.

पहिलं उड्डाण झालं ते तिथल्या सकाळी. आपल्याकडे संध्याकाळ होती. तिथला नियम असा, की अशा इंजिनाच्या विमानाने पहिले ४० तास ठरवून दिलेल्या क्षेत्रातच उडायचं आणि प्रवासी बसवायचा नाही. सूनबाईंनी धावपट्टीच्या कडेने मोबाइलवर दाखवायची तयारी केली होती. ताई माझ्याकडे आली होती, पण तिने मोबाइलकडे पाठ केली. देवघरासमोर बसून राहिली. मी बघत होतो. मधे एकदा चित्र तुटलं, तेव्हा माझेही हात गार पडले होते, हे इथे कबूल करतो. २५ मिनिटांनी ताईने मागे न बघता विचारलं, "उतरला का?"

उतरला होता.

रात्री भाच्याचा फोन आला. आनंद तर होताच, पण तो सांगत काय होता? "मामा, नोंद उतरवून बघितली. तिसऱ्या सिलिंडरचं तापमान बाकीच्यांपेक्षा जास्त आहे. मर्यादेच्या आत आहे, पण जास्त आहे. पुढून येणारी हवा तिथे नीट पोचत नसावी. ते उघडून बघितल्याशिवाय पुन्हा उडणार नाही." ताई शेजारीच होती. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "नको उडूस. नीट बघ आधी." इतकी वर्षं ती 'नको उडूस' म्हणत होती, त्या दिवशी त्याच्यापुढे पहिल्यांदा 'आधी' हा शब्द आला.

तेव्हा मी तिला रिलेची गोष्ट सांगितली. ती रागावली, दोन दिवस बोलली नाही. मग विचारलंन, "म्हणजे आता धोका नाही?" मी म्हणालो, "आहे. तो शून्य होत नाही. पण त्याला काही दिसलं तर तो खाली थांबतो, हे तू ऐकलंस ना?" माझ्याकडे याहून मोठं उत्तर नव्हतं, आजही नाही. संगणक, जोडीची बॅटरी, टकटक वाजणारं यंत्र, हे सगळं विकत मिळतं. लाल दिवा लागल्यावर आजचा बेत रद्द करायची तयारी विकत मिळत नाही. ती असेल तर बाकीच्या वस्तूंना अर्थ आहे, नसेल तर हूटरमध्ये चिंध्या जाणारच. आणि हे काही विमानांपुरतं नाही. तुमच्यापैकी कितीतरी घरांतली मुलं आज रात्रपाळीला पिपरियात, मसाटला, खडोलीत मशिनांसमोर उभी आहेत. त्यांच्या पॅनेलवरचा दिवा कशावर चालतो, ते त्यांना एकदा विचारा.

आपल्या घरांत राखणीची एक जुनी पद्धत आहे. कोणीही प्रवासाला निघालं की उंबऱ्यातून सांगतो, "पोचलास की फोन कर." भाचा आता दर उड्डाणानंतर आईला फोन करतो. ताई विचारते, "तिसरा सिलिंडर कसा आहे?" तिला सिलिंडर म्हणजे काय ते नीट माहीत नाही. पण विचारायचं काय, ते माहीत आहे.